गाडी कुणाच्या नावावर

मला गाडी चालवता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी तोंडात बोटं घालायला नको. मला गाडी चालवता येत नाही, आणि आमच्या गल्लीत डाव्या हाताला तिसऱ्या जागेवर जी जुनी निळी गाडी उभी आहे ती माझ्या नावावर आहे. काचेवर रहिवाशाचा पास चिकटवलाय, त्यावरही माझंच नाव. गेले आठ महिने ती इंचभर हललेली नाही. टपावर धूळ बसलीय, आणि शेजारच्या पोरांनी त्या धुळीत बोटांनी चित्रं काढलीत.

गाडी खरी मावशींची. खरं तर मावशींची पण नाही, काकांची. पण ते पुढे येईलच.

मावशी म्हणजे आमच्या पिल्लूला सांभाळणाऱ्या. पिल्लू सात महिन्यांची असताना आल्या त्या साडेतीन वर्षांची होईपर्यंत होत्या. माझा नवरा बोटीवर, चार महिने पाणी आणि दोन महिने घर. मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये. सकाळी साडेआठला आत शिरलं की पर्स, घड्याळ, फोन, सगळं लॉकरमध्ये टाकायचं, पांढरा कोट चढवायचा आणि संध्याकाळी पाचला बाहेर यायचं. मधल्या वेळात माझी पोर जगली ती मावशींच्या जिवावर. मी आई आहे हे कागदावर. कागदावर माझ्या नावावर बरंच काही आहे म्हणा.

मावशींच्या आधी तिघी येऊन गेल्या. एक फोनला चिकटलेली, एक पिल्लूपेक्षा जास्त रडणारी, आणि तिसरी दुसऱ्या दिवशी आलीच नाही. मग या आल्या. सत्तेचाळीस वर्षांच्या, बुटक्या, केस घट्ट बांधलेले, आणि हातात पर्सऐवजी गाडीच्या किल्ल्या. मी विचारलं, "लहान मुलांची सवय आहे ना?" तर म्हणाल्या, "अकरा वर्षं शाळेची व्हॅन चालवली, ताई. बावीस मुलं मागे बसवून वळण घ्यायची सवय आहे. तुमचं एकच आहे."

दोघं नवराबायको व्हॅन चालवायचे. एक व्हॅन काकांची, एक यांची. गाडी शिकवली काकांनीच. लग्नानंतरच्या दुसऱ्या महिन्यात मोकळ्या मैदानात नेऊन बसवलं, आणि स्वतः बाहेर उभे राहून ओरडत होते म्हणे, "अगं क्लच! क्लच सोड हळू! तो तुझा पाय आहे का मुसळ!" हे सांगताना मावशी स्वतःच खदखदून हसायच्या. व्हॅन मालकाच्या होत्या. दोघांनी साठवून साठवून निळी गाडी घेतली तेव्हा काका तीन दिवस ती नुसती पुसत होते, चालवली नाही.

मग काकांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. व्हॅन सुटल्या. मावशींनी घर सांभाळत सांभाळत काम शोधलं ते शहरात, आमच्याकडे. त्यांचं घर पार गावाबाहेर. बसने आलं तर तीनदा बदलायची आणि दोन तास मोडायचे, गाडीने पाऊण तास. आणि तो पाऊण तासच सगळं होता. दिवसा काकांजवळ शेजारीण बसायची. ती रात्रपाळीला बेकरीत जायची, साडेसहाच्या ठोक्याला निघायची. त्याच्या आत मावशी दारात हव्यातच. मी साडेपाचला घरी, त्या साडेपाचला खाली, सव्वासहाला त्यांच्या दारात. तीन वर्षं हे गणित चुकलं नाही. काका पाच वाजल्यापासून कान देऊन पडलेले असायचे. त्या गाडीचा आवाज खोकल्यासारखा, लांबून ओळखू यायचा. आवाज आला की डाव्या हाताने पलंगाची कड वाजवायचे. गंमत म्हणजे सकाळी आठला आमची पिल्लूही तोच आवाज ऐकून "माऊ आली! माऊ आली!" करत दाराकडे पळायची. एका गाडीची दोन टोकांना दोन माणसं वाट बघायची.

पहिलं दीड वर्ष गल्लीत कुणीही कुठेही गाडी लावायचं. मग एका सोमवारी रस्त्यावर पांढरे पट्टे आले, खांबांवर पाट्या आल्या. फक्त रहिवाशांसाठी. बाकीच्यांना दोन तास. आणि पाट्यांच्या मागोमाग एक गणवेशातला बारका माणूस आला, त्याच्या हातात खडू. तो प्रत्येक टायरवर खडूने रेघ मारायचा, दोन तासांनी परत यायचा, आणि रेघ जागच्या जागी दिसली की पावती. मी त्याचं नाव खडूमास्तर ठेवलं. मावशी म्हणायच्या, "असू द्या हो ताई, त्याचं पोट आहे." माझ्या मात्र त्याला बघून डोक्यात तिडीक जायची.

रेघ पुसून चालायचं नाही, गाडी खरोखर हलवायला लागायची. म्हणजे दर दोन तासांनी मावशींनी खाली जायचं. आणि पिल्लूला घरात एकटी कशी ठेवणार? मग झोपलेली असली तर झोपलेली, जेवत असली तर तोंडात घास तसाच, तिला कडेवर घ्यायची, तीन मजले उतरायचे, मागच्या सीटवर पट्टे बांधायचे, चौकाला वळसा घालून परत नवी जागा शोधायची, परत तीन मजले चढायचे. दिवसातून चार वेळा. पोर मेली त्यातच रमली, तिला वाटायचं माऊ फिरायला नेते. थंडीत दोनदा छाती भरली तिची. आणि मावशींचे गुडघे सुजून असे टम्म झालेले मी पाहिले तेव्हा मला समजलं की हे फार दिवस चालणार नाही. एकदा त्या म्हणाल्याच, "ताई, तुम्ही जवळपासची कुणीतरी बघून ठेवा. मी काही रागाने म्हणत नाही."

मग मी मागे लागले. पैसे भरून गाडी लावायचं जवळचं ठिकाण होतं, तिथे प्रतीक्षायादी दीड वर्षाची. तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांचं गॅरेज रिकामं, म्हणजे गाडी नव्हती, एक फुटका बाथटब आणि व्यायामाची सायकल होती. दोन्ही हलवायला ते तयार नव्हते. म्हणाले, "कधीतरी लागेल." अहो, फुटका बाथटब कधी लागतो? पण म्हणाले तसं. शेवटी पालिकेच्या पार्किंगच्या कचेरीत खेटे घालायला सुरुवात केली. चार सुट्ट्या त्यात गेल्या.

चौथ्या वेळी मावशींनाही घेऊन गेले. खिडकीमागे चष्मा कपाळावर चढवलेल्या बाई होत्या. म्हणाल्या, "घरी येऊन शुश्रूषा करणाऱ्यांना पास मिळतो. रुग्ण कोण?"

"रुग्ण नाही, लहान मूल आहे."

"मूल आजारी आहे का?"

"नाही हो, देवदयेने ठणठणीत आहे."

"मग नाही मिळणार."

मावशी हळूच म्हणाल्या, "आजारी माणूस माझ्या घरी आहे." बाईंनी लगेच कागद पुढे केला. म्हणाल्या, मग मिळेल की, त्या पत्त्यावर मिळेल. मावशींच्या घराभोवती नुसतं माळरान, तिथे शंभर गाड्या उभ्या राहतील, खडूमास्तर स्वप्नातसुद्धा जायचा नाही तिकडे. मी कपाळावर हात मारला. मावशी तर हसायलाच लागल्या, आणि त्यांचं बघून मी पण. दोघी त्या खिडकीसमोर वेड्यासारख्या हसत होतो आणि मागची रांग आमच्याकडे बघत होती.

बाईंना दया आली असेल. चष्मा खाली घेऊन म्हणाल्या, "गाडी रहिवाशाच्या नावावर असेल तर पास आठ दिवसांत होतो. मी काही सांगितलं नाही, बरं का."

ही शक्कल मी उचलली. मीच. मावशींना नको होतं. परत येताना गाडीत मी आपली बडबडतेय, "अहो मावशी, कागदोपत्रीच हो. किल्ल्या तुमच्याकडे, गाडी तुमच्याकडे. मला साधी सायकल येत नाही, मी काय करणार गाडीचं?" त्या म्हणाल्या, "माझं काही नाही ताई. गाडी यांच्या नावावर आहे. यांना कसं सांगू?"

सांगितलं त्यांनी. काकांना सही जमत नव्हती, डाव्या हाताने कशीबशी वाकडीतिकडी केली. मी कागद घेऊन स्वतः गेले होते त्यांच्या घरी. खोली एवढीशी, पण चादरीवर सुरकुती नाही, औषधं एका ओळीत लावलेली, आणि भिंतीवर दोन व्हॅनच्या पुढे उभ्या दोघांचा फोटो. सही करून झाल्यावर काकांनी माझ्याकडे बघितलं आणि तोंड वेडंवाकडं करत एकेक शब्द ओढून काढला, "गाडी... आपलीच... ना?" मावशी पटकन म्हणाल्या, "आपलीच हो. आपलीच आहे. कागद नुसता." मीही मान हलवली. त्यानंतर ते रोज संध्याकाळी विचारायचे म्हणे. मावशी घरात शिरल्या की आधी हेच. आणि मावशी रोज हो म्हणायच्या.

पास आला आणि आमचा जीव भांड्यात पडला. खडूमास्तर गाडीपाशी यायचा, काच बघायचा, पुढे जायचा. मावशी वरून पडद्याआडून बघायच्या आणि पिल्लूला म्हणायच्या, "बघ बघ, गेला हात हलवत." दुपारची झोप परत दोन तासांची झाली. गुडघ्यांची सूज उतरली. एक वर्ष, पूर्ण एक वर्ष सगळं इतकं सुरळीत चाललं की गाडी माझ्या नावावर आहे हे मी साफ विसरून गेले.

खरंच विसरले. इथेच माझं सगळं चुकलं.

एका बुधवारी संध्याकाळी पिल्लूला आंघोळ घालताना फोन वाजला. ओल्या हाताने बघितलं. पालिकेचा मेसेज. "जलवाहिनीच्या कामासाठी आपले वाहन उद्या सकाळी आठपूर्वी हलवावे." मी मनात म्हटलं, माझं डोंबलाचं वाहन! कुठून कुठून नंबर मिळवतात आणि काय वाट्टेल ते पाठवतात. पुसून टाकला मेसेज. पिल्लूच्या डोक्यावर पाणी ओतलं आणि ती किंचाळली, म्हणून हसले पण.

दुसऱ्या दिवशी आठला मावशी दारात, चेहरा खुललेला. "ताई, आज काय नवल! अख्खी गल्ली मोकळी. अगदी दाराशी लावली." आणि मी, ही शहाणी, बूट घालता घालता म्हणते, "वा! आज तुमचं नशीब जोरात आहे." सूचनेची पाटी गल्लीच्या पुढच्या तोंडाला लावली होती म्हणे. मावशी यायच्या मागच्या अंगाने. माझ्या डोक्यात त्या क्षणीसुद्धा काही आलं नाही. आदल्या रात्रीचा मेसेज माझ्याच बोटांनी पुसला होता, आणि मावशींच्या तोंडून तोच निरोप माझ्यापुढे उभा होता, तरी काही आलं नाही.

अकराला गाडी उचलून नेली. मावशींना कळलं ते तीनला, पिल्लूला बागेत न्यायला खाली उतरल्या तेव्हा. मला फोन केला, फोन लॉकरमध्ये. मग लॅबच्या स्वागतकक्षात केला. तिथल्या मुलीने मला चिठ्ठी आणून दिली. "घरून फोन. गाडी उचलून नेली. फोन करा." सकाळी आमचं मोठं मशीन बंद पडलं होतं, ऐंशी नमुने तुंबले होते, साहेब डोक्यावर उभे. मी चिठ्ठी वाचली. मला आदल्या दिवशीचा मेसेज आठवला, चर्र झालं, पण तेवढंच. मनात म्हटलं, गाडीच ना, पाचला जाऊन सोडवू. चिठ्ठी कोटाच्या खिशात घातली. तो कोट अजून आहे माझ्याकडे.

चारला शेजारणीचा मावशींना फोन आला. काकांचा श्वास लागलाय, घशात घरघर होतेय, लवकर या. मावशींनी परत लॅबमध्ये फोन केला. मुलगी म्हणाली, "निरोप दिलाय बाई मघाशी. सारखा सारखा फोन करू नका, इथे कामं आहेत." हे मला नंतर कळलं. त्या मुलीवर मी खूप ओरडले, पण तिचं काय चुकलं? चिठ्ठी तिने दिली होती.

मावशींनी पिल्लूला घेतलं, टॅक्सी केली आणि उचललेल्या गाड्या ठेवतात त्या आवारात गेल्या. तुम्ही म्हणाल, त्याच टॅक्सीने थेट घरी का नाही गेल्या? मीही विचारलं नंतर. त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं होतं ना ताई, विचारल्याशिवाय पिल्लूला शहराबाहेर न्यायचं नाही." सांगितलं होतं मी. पहिल्या आठवड्यात, त्या कोण कुठल्या मला माहीत नव्हत्या तेव्हा. तीन वर्षांत कितीतरी गोष्टी सैल झाल्या, पण ते वाक्य मी परत घेतलं नव्हतं. आणि त्यांनी ते जपून ठेवलं होतं. नवरा तिकडे गुदमरत असताना पोटच्या पोरीसारखी कडेवर घेतलेली माझी पोर शहराची हद्द ओलांडू नये म्हणून ती बाई थांबली. काय म्हणायचं याला? मला रात्रंदिवस वाटतं, त्यांनी एकदा तरी माझं ऐकायला नको होतं.

आवारातला माणूस वाईट नव्हता. पिल्लूला त्याने बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. पण गाडी मालकालाच सोडायची, हा नियम. त्याने मावशींपुढे छापील कागद सरकवला. पहिलाच प्रश्न, वाहन आपल्या मालकीचे आहे काय? मावशी म्हणाल्या, "माझीच आहे हो. आमचीच आहे. माझा माणूस तिकडे..." त्याने संगणकात बघितलं आणि मान हलवली. म्हणाला, "खोटं लिहिलंत तर मलाच त्रास होईल, बाई." मग त्यांनी पेन घेतलं आणि लिहिलं, नाही. आणि माझी वाट बघत बाकावर बसून राहिल्या.

पाचला मी लॉकर उघडला. एकोणतीस मिस्ड कॉल. कशी गेले, कुणाला ढकललं, मला आठवत नाही. पावणेसहाला मी त्या खिडकीवर सही केली, माझ्या उजव्या, धडधाकट हाताने, एका सेकंदात. गाडी बाहेर आली. मी म्हटलं, "मावशी, मी येते बरोबर." त्यांनी पिल्लूला माझ्याकडे दिलं. "नको. तिला भूक लागलीय, घरी जा तुम्ही. डब्यातलं दूध तिने प्यायलं नाही," म्हणाल्या आणि गेल्या. मला हे कधी पुसता येणार नाही. तेव्हासुद्धा दूध सांगितलं त्यांनी.

त्या पोचायच्या आधी शेजारणीने रुग्णवाहिका बोलावली होती. काका वाटेतच गेले. बरोबर शेजारीण होती, घरचं कुणी नव्हतं.

दहा-बारा दिवसांनी सकाळी आठला खाली तो खोकला ऐकू आला. पिल्लू "माऊ!" करत दाराकडे धावली. मावशी वर आल्या, तिला उचलून घेतलं, वास घेतला तिच्या केसांचा, आणि किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या. मी कागद तयारच ठेवले होते, गाडी परत त्यांच्या नावावर करायचे. त्यांच्यापुढे ठेवले आणि मला जे रडू फुटलं ते थांबेना. पाय धरायला वाकले तर त्यांनी मला दंडाला धरून उभं केलं. त्या रडत नव्हत्या.

"राहू दे ताई. तुमच्याच नावावर राहू दे."

"असं नका हो करू. शिव्या द्या मला. गाडी तुमची आहे, काकांची आहे..."

"ते साडेपाचला शेवटचं बोलले," मावशी म्हणाल्या. "शेजारणीला विचारलं, गाडी आपलीच ना? तिला काय माहीत कागदाचं. ती म्हणाली, हो काका, तुमचीच." मग त्या थोडा वेळ पिल्लूच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "मी तिकडे कागदावर 'नाही' लिहून बसले होते. बरं झालं, ती तरी हो म्हणाली."

कागदांना त्यांनी हात लावला नाही. पिल्लूला खाली ठेवलं, तिच्या बुटाचा सुटलेला बंद बांधला आणि बसस्टॉपकडे चालत गेल्या. तीनदा बस बदलून, दोन तासांनी घरी. तिथे आता वेळेवर पोचायची गरज नव्हती.

परवा पालिकेचा मेसेज आला. पास संपतोय. "सदर वाहन अद्याप आपल्या मालकीचे आहे काय? हो किंवा नाही कळवावे." मी हल्ली पालिकेचे मेसेज पुसत नाही. बराच वेळ तो नुसता वाचत बसले. नाही म्हटलं तर येऊन उचलून नेतील, आणि पिल्लू रोज सकाळी खिडकीतून खाली बघते, गाडी आहे म्हणजे माऊ येणार असं तिला वाटतं.

मी हो दाबलं.